मोरपंखी बाहीची टोळी

गाडीला पडदे शिवणं हा काही गुन्हा नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

मी टेलर माणूस. डहाणूत स्टेशनच्या पूर्वेला माझं ब्लाउज आणि ड्रेस शिवायचं दुकान आहे. टेलरच्या हातात जुनी गाडी आली की तो इंजिन बघत नाही, खिडक्या मोजतो. मीही मोजल्या. आठ! (पुढची काच धरून नऊ, पण तिला पडदा लावायचा नाही, असं घरच्यांनी मला दोनदा बजावलं.)

गाडी म्हणजे व्हॅन. आमच्याकडे येण्याआधी ती कित्येक वर्षं शाळेची मुलं ने-आण करत होती. त्यामुळे रंगानं पिवळीधमक, सीटांखाली खोडरबरं, पेन्सिलींचे तुकडे आणि एक अर्धी खाल्लेली चिक्की. मागच्या दारावर 'शाळेची मुले' असं ठळक लिहिलं होतं. ते मी ब्लेडनं खरवडलं, पण उन्हात अक्षरं पुन्हा उठून दिसायचीच.

ही व्हॅन घ्यायचं कारण म्हणजे आमची सौभाग्यवती सुलभा. लग्न ठरलं तेव्हा तिनं मला एकच प्रश्न विचारला होता, "कच्छचं पांढरं रण दाखवाल का?" आणि मी "हो" म्हणालो होतो. (त्या वयात माणूस कशालाही हो म्हणतो.) त्याला एकतीस वर्षं झाली. मधल्या काळात मुलगी शिकून लग्न होऊन गेली, आणि सुलभाच्या उजव्या गुडघ्यानं दुमडायचं बंद केलं. पाय लांब केल्याशिवाय तिला बसता येईना. मग मी ठरवलं, आपण गाडीतच तिच्यासाठी पलंग करायचा, मागे छोटं स्वयंपाकघर थाटायचं आणि कच्छपर्यंत आपल्या गाडीनं जायचं!

तयारी दोन महिने चालली. पुढच्या सीटच्या मागे लाकडी पलंग बसवला. त्याच्याखाली शेगडी, डबे, तांदूळ, चिकू आणि कुकर. आणि पडदे! मोरपंखी रंगाचं जाड कापड, आतून अस्तर, कडेला मोहरी रंगाची पायपिंग. पुढच्या सीट आणि पलंगाच्या मध्येही एक असा घसघशीत पडदा लावला की पलीकडे कुणी पितळी पातेलं आपटलं तरी अलीकडे कळू नये. उरलेल्या कापडाचं मी सुलभाला प्रवासासाठी ब्लाउज शिवलं.

ती आरशासमोर उभी राहिली. "अहो, मी ह्या गाडीची नववी खिडकी दिसतेय."

"फिटिंग बघ!" मी म्हणालो. "हात वर कर. आहे का काखेत ओढ? असा मुंढा अख्ख्या तालुक्यात कुणी कापून दाखवावा!"

इंजिनाचं काम आमच्या गुलाब मिस्त्रीनं केलं. चार दिवस गाडीखाली झोपून त्यानं ब्रेक बदलले, तेल बदललं, टायर बदलले आणि पाचव्या दिवशी काळे हात पुसत तो म्हणाला, "सगळं ओके. साठच्या वर नेऊ नका. फक्त मागच्या दाराचा लॉक गेलाय, खड्ड्यात दार आपोआप उघडतं. पार्ट मागवलाय. आठ दिवस लागतील."

"आठ दिवस? आम्ही गुरुवारी निघतोय!"

"मग तोवर दोरी बांधा. चांगली जाड."

दोरी! टेलरला दोरी सांगतो! "मिस्त्री," मी म्हणालो, "तीस वर्षं मी डहाणूतल्या परकरांना नाड्या घालतोय. आजपर्यंत एकाही बाईची नाडी..."

"पुढचं बोलू नका," मिस्त्री म्हणाला आणि घाईघाईनं हात धुवायला गेला.

मी चार पदरी नाडी वळली आणि मागचं दार करकचून बांधलं. गुरुवारी सकाळी निघताना सुलभानं ते पाहिलं.

"अहो, दाराला नाडी?"

"चार पदरी आहे!"

"मला कडी पाहिजे. लोखंडी. माझा सगळा संसार आहे मागे!"

"अगं, हत्ती बांधलास तरी..."

"हत्ती नाहीये, कुकर आहे! तो पडला तर कच्छात भात कशात शिजवू? तुमच्या टेपमध्ये?"

शब्दानं शब्द वाढला. शेवटी ती पलंगावर चढली, पाय लांब केले आणि जाहीर केलं, "गुजरात लागेपर्यंत मी तुमच्याशी एक शब्द बोलणार नाही." आणि पडदा सर्रकन ओढून घेतला.

(गुजरातची हद्द आमच्याकडून तासा-दीड तासावर आहे. खरं सांगू का, मला जरा बरंच वाटलं.)

पुढे माझ्या शेजारी बसले नाना. म्हणजे माझे वडील. वय एक्याऐंशी. नाना पस्तीस वर्षं लाल बसवर कंडक्टर होते. आता बस नाही, तिकीट नाही, पण घंटी दिल्याशिवाय गाडी हलता कामा नये, हा नियम अजून आहे. घंटी नाही म्हणून ते दारावर तळहातानं दोन थापा मारतात, धप्प धप्प, आणि ओरडतात, "जाऊ दे!" निवृत्तीनंतर त्यांना दुसरा उद्योग मिळाला आहे. मोबाइल. नातेवाइकांच्या सगळ्या ग्रुपवर आलेला प्रत्येक मेसेज ते मोठ्यानं वाचतात, त्यावर विश्वास ठेवतात आणि पुढे पाठवतात.

धप्प धप्प! "जाऊ दे!" आम्ही निघालो.

आशागड मागे पडलं. रस्ता छान, ऊन कोवळं. सुलभाचा मोबाइल पुढे चार्जिंगला लावलेला. मी मनातल्या मनात पांढऱ्या रणात पोचलो होतो, तोच रानशेतजवळ गतिरोधक आला. मला तो दिसला, पण जरा उशिरा. गाडी उडाली आणि मागे काहीतरी धडाडलं.

"काय झालं गं?" मी पडद्याला विचारलं.

उत्तर नाही. बरोबर आहे, गुजरात लागलं नव्हतं.

थोडं पुढे गेल्यावर नाना म्हणाले, "शऱ्या, बाजूला घे. जाऊन येतो." मी एका झाडाखाली गाडी थांबवली. नाना झाडामागे गेले. मी आरशात केस विंचरले. दोन मिनिटांनी नाना आले, बसले, दार लावलं. धप्प धप्प! "जाऊ दे!"

एकतीस वर्षं संसार केलेल्या माणसानं अशा वेळी पडदा बाजूला करून मागे बघायला हवं होतं. पस्तीस वर्षं कंडक्टरी केलेल्या माणसानं पॅसेंजर मोजायला हवे होते. आम्ही दोघांनीही काही केलं नाही. मी गिअर टाकला.

दोन-तीन किलोमीटर गेलो असू. नाना आरशात बघत म्हणाले, "मागे मोटारसायकल आहे."

"असेल."

"मागे बसलेली बाई हात हलवतेय."

"कुणाला तरी बोलावत असेल."

"हातात कुकर आहे."

मी आरशात पाहिलं. खरंच! एक तरणा माणूस जिवाच्या आकांतानं मोटारसायकल हाणत होता आणि त्याच्यामागे बसलेली बाई कुकर डोक्यावर धरून ओरडत होती. तेवढ्यात नानांनी "अरे बापरे!" असं म्हणून मोबाइल डोळ्यांजवळ धरला आणि वाचायला सुरुवात केली, "सावधान! महामार्गावर नवी टोळी! गाडीतून वस्तू पडली असे सांगून वस्तू दाखवतात. गाडी थांबवली की लुटतात. टोळीत महिलांचाही समावेश. हा मेसेज दहा जणांना पाठवा."

"कधी आला?"

"काल. मी तेरा जणांना पाठवलाय!"

मी पुन्हा आरशात पाहिलं. "नाना, पण तो कुकर आपल्या कुकरसारखाच दिसतोय हो."

"तेच तर त्यांचं कसब!"

मी पाय दाबला. गाडी पन्नासवर गेली. मोटारसायकल साठवर आली आणि नानांच्या खिडकीला भिडली. ती बाई कुकरावर हात आपटत ओरडत होती. नानांनी झटकन काच वर केली.

"काय म्हणतेय ती?"

"'बाय, बाय' म्हणतेय."

"लुटायच्या आधीच बाय-बाय?"

"असेल त्यांच्यात पद्धत. तू लक्ष देऊ नको!" असं म्हणून नानांनी काचेआडून तिला हात हलवून बाय-बाय केलं. ती बाई इतकी थक्क झाली की कुकर तिच्या हातून सुटता सुटता राहिला. (आमच्या भागात बाईमाणसाला 'बाय' म्हणतात, हे नानांना जन्मापासून माहीत आहे. ती बिचारी सांगत होती, "तुमची बाय राहली! बाय मांगं राहली!" पण घाबरलेल्या माणसाला फक्त इंग्रजी ऐकू येतं.)

तेवढ्यात माझा फोन वाजला. अनोळखी नंबर.

"उचलू नको!" नाना ओरडले. "उचलला की सगळं खातं रिकामं होतं. त्याचाही मेसेज आहे!" त्यांनी फोन कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. सात वेळा! मग चार्जिंगला लावलेला सुलभाचा फोन वाजायला लागला. तोच नंबर!

"बघितलंस?" नानांचा आवाज चिरकला. "सूनबाईचाही नंबर काढलाय त्यांनी! मोठी टोळी आहे!"

मी पडद्याकडे तोंड करून ओरडलो, "सुलू, घाबरू नकोस! काहीही झालं तरी पडदा उघडू नकोस! मी आहे!"

पडदा शांत.

"किती धीराची आहे," नाना भारावून म्हणाले. "दुसरी असती तर किंचाळली असती."

चारोटी नाक्याला आम्ही महामार्गावर वळलो, तेव्हा टोळीत भर पडलेली मला आरशात दिसली. मोटारसायकलच्या मागे आता एक टेम्पो होता. निळा, मागे बर्फाचं पाणी गळणारा, मासळीचा टेम्पो. तो अखंड हॉर्न वाजवत होता. आणि टेम्पोच्या खिडकीतून अर्धी बाहेर आलेली एक दुसरीच बाई! डोक्याला आणि तोंडाला पदर गुंडाळलेला, डोळ्यांवर काळाकुट्ट गॉगल, आणि आवळलेली मूठ माझ्या दिशेनं नाचवत काहीतरी बोलत होती. शब्द ऐकू येत नव्हते, पण तोंडाची हालचाल पाहूनच मला घाम फुटला.

"ही म्होरकी!" नाना कुजबुजले.

शेजारून एक ट्रक चालला होता. त्याच्या ड्रायव्हरनंही खिडकीतून डोकं काढून मागे बोट दाखवलं. "काका! पाछळ जुओ, पाछळ!"

"गुजरातपर्यंत हात पोचलेत ह्यांचे!" नाना म्हणाले.

मग मात्र मी मिस्त्रीचा साठचा नियम मोडला. गाडी सत्तरवर गेली. पलंग कुरकुरायला लागला, डबे एकमेकांवर आदळायला लागले, चिकू फुटल्याचा वास यायला लागला. महालक्ष्मीचं देऊळ आलं कधी आणि गेलं कधी कळलं नाही, नानांनी नुसते चालत्या गाडीतून हात जोडले. मी ट्रकांच्या मधून अशी गाडी काढत होतो की मला माझीच भीती वाटत होती. एकीकडे मनात एक समाधानही होतं. बायको मागे सुखरूप आहे. तिला मी काही होऊ देणार नाही!

तलासरीला रस्त्यालगत पोलीस चौकी दिसली. मी हॉर्न दाबून धरला आणि गाडी सरळ आवारात घातली. झाडाखाली खुर्ची टाकून एक हवालदार बसले होते. ते उठून उभे राहिले, कारण मी त्यांच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर ब्रेक मारला होता.

"साहेब, वाचवा! टोळी! मागे टोळी लागलीय!"

हवालदारांनी आधी मला पाहिलं, मग गाडीला चक्कर मारली. मागच्या दारापाशी ते थबकले. उन्हात अक्षरं उठून दिसत होती.

"शाळेची गाडी?" त्यांचा चेहरा पांढरा पडला. "मुलं कुठायत?"

"मुलं नाहीत!"

"नाहीत म्हणजे? टोळीनं नेली?"

"अहो, मुलगी एकच आहे, ती सासरी आहे! नाशकात!"

हे उलगडायला पाच मिनिटं गेली. शेवटी हवालदारांनी कागद घेतला, पेन झटकलं आणि म्हणाले, "शांतपणे सांगा. किती जण होते?"

"एक मोटारसायकल, एक टेम्पो. ट्रकवाला वेगळा. पण मुख्य एक बाई आहे. म्होरकी!"

"वर्णन सांगा."

"वय पन्नाशीचं. अंगानं भरलेली. तोंडाला पदर, डोळ्यांवर काळा गॉगल. नजर अत्यंत क्रूर."

"गॉगल होता ना?"

"गॉगलातून जाणवत होती, साहेब!"

"कपडे?"

इथे माझ्यातला टेलर जागा झाला. "मोरपंखी ब्लाउज. बाहीला मोहरी रंगाची पायपिंग. शिलाई मात्र पहिल्या दर्जाची हो! हात एवढा वर उगारला होता, पण काखेत जराही ओढ नाही. मुंढा कसा कापावा तर असा! कुठल्यातरी चांगल्या टेलरकडे..."

हवालदारांचं पेन थांबलं होतं. ते माझ्या खांद्यावरून गाडीकडे बघत होते.

"ह्या पडद्यासारखं कापड?"

मी वळलो. वाऱ्यानं पडदा हलत होता. मोरपंखी. मोहरी पायपिंग.

"हो," मी म्हणालो. "अगदी हेच."

आणि मग मी पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

"आत कोण आहे?" हवालदारांनी विचारलं.

"बायको," मी म्हणालो. हवालदारांनी मधला पडदा बाजूला केला. पलंगावर एक उशी होती. एक गोधडी होती. फुटलेले चिकू होते. सुलभा नव्हती.

त्या क्षणाचं विनोदी वर्णन करायचा मी बऱ्याचदा प्रयत्न केला आहे, जमत नाही. मी तिथेच पायरीवर बसलो. एकतीस वर्षांत ती माहेरी गेली, दवाखान्यात राहिली, मुलीच्या बाळंतपणाला महिनाभर नाशकात राहिली, पण ती कुठे आहे हे मला ठाऊक नाही, असं एकदाही झालं नव्हतं. फोन माझ्याकडे. पर्स माझ्याकडे. आणि तो गुडघा! मला रडू फुटलं. नाना गाडीचं दार धरून उभे होते.

"पस्तीस वर्षांत एक पॅसेंजर मागे ठेवला नाही रे मी," ते म्हणाले. "एक नाही."

"अहो, टेम्पोत आहे ना ती!" हवालदार म्हणाले. "तुम्हीच आत्ता सांगितलंत!"

ते वाक्य डोक्यात शिरायच्या आतच हॉर्न ऐकू आला. मोटारसायकल आवारात आली, तिच्यामागे गळका निळा टेम्पो. टेम्पोचं दार उघडलं आणि टोळीची म्होरकी सावकाश, लंगडत, एकेक पाय टाकत खाली उतरली. तिनं तोंडावरचा पदर काढला. गॉगल काढला. मी हात जोडले. नानांनीही हात जोडले. हवालदार एक पाऊल मागे सरकले.

सुलभानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग ती मोटारसायकलवरच्या बाईकडे वळली आणि शांतपणे म्हणाली, "शांती, ह्यांना सांग, गुजरात अजून लागलेलं नाही. मी बोलणार नाही."

त्यामुळे झालं काय, ते मला शांतीकडून कळलं. गतिरोधकावर नाडी सुटली, दार उघडलं आणि कुकर रस्त्यावर पडला. आम्ही झाडाखाली थांबलो, तेव्हा सुलभा मागूनच उतरली. आणखी काही पडू नये म्हणून बिचारीनं बाहेरून नाडी पुन्हा बांधली आणि कुकर आणायला मागे चालत गेली. शांती आणि तिचा नवरा रमण शेतावर निघाले होते. कुकर त्यांनाच सापडला होता. कुकर हातात पडतो न पडतो, तोच धप्प धप्प!

"तुमची बाय अशी पळली," शांती हातानं दाखवत म्हणाली, "पन गुडगा धरून बसली. मंग रडाया लागली. आमाला बगवंना."

दुमडत नसलेल्या गुडघ्यानं सुलभाला मोटारसायकलवर बसता येईना. म्हणून रमण आणि शांती कुकर घेऊन आमच्या मागे सुटले, आणि त्याआधी शांतीनं रस्त्यात आडवं उभं राहून पहिली आली ती गाडी थांबवली. ती होती वरोरच्या जमनाबाईची. जमनाबाई मासळी घेऊन वापीला निघाली होती, टेम्पो तिचा नवरा चालवत होता. (त्या गृहस्थाच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं होतं देव जाणे. अख्ख्या पाठलागात आणि नंतरही जेवणापर्यंत तो एक शब्द बोलला नाही. गॉगल त्याचा होता.) फोनही जमनाबाईचा. सात वेळा आम्ही कापला तो.

"काय रे," जमनाबाई कमरेवर हात ठेवून मला म्हणाली, "ह्या बाईनं तुझा नंबर पाठ म्हणून दाखवला मला. तुला तिचा पाठ आहे?"

मी खाली बघितलं. नव्हता.

टेम्पोतून बर्फाचं पाणी धार लागून वाहत होतं. माझ्या ते लक्षात आलं आणि मी ओशाळून म्हणालो, "जमनाबाई, तुमची मासळी खराब होईल. तुम्ही निघा."

"मासळी रोजची आहे," ती म्हणाली. "माणूस रस्त्यात सोडून जायचं काय? तुझ्यासारखं?"

रमणची अर्ध्या दिवसाची शेतावरची कामं बुडाली होती, पण तो तेवढ्यात गाडीच्या मागे बसून काहीतरी ठोकत होता. चौकीमागून एक लोखंडी पट्टी आणि दोन खिळे शोधून त्यानं दाराला कडी करून दिली होती. माझी चार पदरी नाडी त्यानं व्यवस्थित गुंडाळून माझ्या हातात दिली.

"दादा, ही परकराला ठेवा," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे!

दुपार होत आली होती. सुलभानं शेगडी बाहेर काढली आणि चौकीच्या झाडाखालीच भात लावला. पडल्यामुळे कुकरला चांगला पोचा आला होता. झाकण बसेना. रमणनं दगडानं ठोकून ते बसवलं. जमनाबाईनं ताजे बोंबील काढून दिले, शांतीनं ते साफ केले. आमच्या मोहिमेचं पहिलं जेवण घरापासून जेमतेम तासभर अंतरावर, पोलिसांच्या आवारात, तासाभरापूर्वीपर्यंत ज्यांना मी दरोडेखोर समजत होतो त्यांच्या पंक्तीत झालं. मध्येच कुकरची शिट्टी झाली आणि नाना दचकून उठले, सवयीनं गाडीच्या दाराकडे धावले, धप्प धप्प! "जाऊ..."

"थांबा!" सगळे एकदम ओरडले. मुका टेम्पोवालासुद्धा!

कच्छला आम्ही गेलो. सुलभा पुढे बसली, पाय डॅशबोर्डवर लांब करून. नाना पडद्यामागे झोपले. पांढरं रण तिनं पाहिलं, दोन दिवस पाहिलं, आणि परत येताना रानशेतला उतरून शांतीला कच्छची ओढणी दिली. जमनाबाईची तीन ब्लाउजं माझ्याकडे शिवून तयार आहेत, ती पुढच्या आठवड्यात न्यायला येणार आहे. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी तलासरीहून निघण्याआधी एक काम राहिलं होतं. हात धुऊन मी गाडीत बसणार, तेवढ्यात हवालदार तो कागद घेऊन आले.

"अहो टेलर, एवढं अर्धवट कसं सोडून चालेल? इथे म्होरकीचं वर्णन लिहिलंय, क्रूर नजर वगैरे. खाली लिहून द्या आणि सही करा."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं : 'सदर पाठलाग करणारी महिला ही माझीच पत्नी आहे. माझा गैरसमज झाला होता. सदर महिलेपासून माझ्या जिवाला कोणताही धोका नाही.'

सही करण्याआधी मी मान वर केली. सुलभा समोर उभी होती. हातात पोचा आलेला कुकर होता, आणि वर्णनाचा पहिला भाग ती नुकताच वाचून संपवत होती. गुजरात यायला अजून आठ-दहा किलोमीटर बाकी होते.

मी सही केली. पोलिसांना लेखी खोटं मी आयुष्यात तेवढं एकदाच दिलं!